सोळा आठवडे

ग्राउसेलच्या गोठ्यावर ती पहिल्यांदा आली
तेव्हा तिच्या बुटांना दुसऱ्याच कुणाच्या शेतातला चिखल होता.
बाबांनी तो दाराबाहेर धुवायला लावला.
नोव्हेंबर. बर्फ अजून डोंगराच्या खांद्यावरच.
मी कंदील धरून उभा, अकरा वर्षांचा,
आणि स्टेनुन हातमोजा चढवून
मोराच्या लेंड्या डबीत भरत होती.

मोरा, आमची पुढारीण.
वादळाच्या आधी कळपाला घराकडे वळवणारी.
त्या साली दिवसभर चरायची
आणि खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.
लोकर ओढावी न लागता हातात यायची,
फाटक्या उशीतून यावी तशी.

"कधी कळेल?"
"सोळा आठवडे. हा जंतू सावकाश वाढतो."
बाबा म्हणाले, "मेंढीही सावकाशच वाढते, बाई."

सोळा आठवडे म्हणजे किती
ते मला पुढे कळलं, तिच्याच प्रयोगशाळेत बाटल्या विसळताना.
अंड्याच्या बलकाचं तिरपं माध्यम,
घट्ट बूच, सदतीस अंश, अंधार.
बाकीचे जंतू उतावळे,
रातोरात थाळी भरून मोकळे होतात.
हा बसून राहतो.
याला आपलं लोखंडसुद्धा आपण उचलता येत नाही,
त्यासाठी लागणारं द्रव्य बाटलीत उसनं घालायचं
आणि दर सोमवारी ती दिव्यासमोर धरायची.
नाही.
अजून नाही.
मग एखाद्या सोमवारी, खसखशीएवढं काहीतरी.

कोपनहेगनला तिच्याबरोबर शिकलेले
घाईच्या जंतूंवर काम करून प्राध्यापक झाले.
एका वर्षी बुरशीने तिच्या सगळ्या बाटल्या खाल्ल्या.
ती जिन्यात बसून कॉफी प्यायली,
कप विसळला,
आणि पुन्हा अंडी फोडायला घेतली.
तिच्या लग्नाबद्दल विचारलं तर म्हणायची,
तेही याच सुमारास कधीतरी संपलं असेल,
मी तारीख लिहून ठेवली नाही.

आमचं पत्र मार्चमध्ये आलं.
त्याच्या मागोमाग ती स्वतः आली, जे तिचं काम नव्हतं.
दोनशे बारा.
गोठलेल्या जमिनीत खड्डा खणायला तीन दिवस गेले,
तिने दुसऱ्या दिवशी फावडं मागितलं,
बाबांनी दिलं नाही.
मोराला त्यांनी स्वतः धरलं, कानावरच्या आमच्या खुणेपाशी.
त्यानंतर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.
मी तिच्याकडे कामाला लागलो त्या रात्री
एवढंच म्हणाले, बाई खोटं बोलली नव्हती.

आता यंत्र दुपारच्या जेवणाआधी उत्तर देतं.
तिचा यंत्रावर विश्वास आहे.
बाटल्या ती तरीही लावते, लावायची.

या शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस.
आम्ही उणे ऐंशीचा फ्रीझर उपसत होतो,
भुवयांवर दव, हातात यादी:
हे ठेवायचं, हे ऑटोक्लेव्हमध्ये.
तळाच्या खणात करंगळीएवढी एक नळी,
तिच्या तरुण अक्षरात:
ग्राउसेल. मोरा.

खड्ड्यावर आता गवत कमरेएवढं येतं.
गोठा कुणा जर्मन जोडप्याने विकत घेऊन
काचेच्या भिंतींचं घर केलंय.
त्या कळपातलं काही जिवंत उरलं असेल
तर ते हेच, ज्याने त्यांना मारलं.
यादीत नळीसमोर फुली होती.
स्टेनुनने पेन माझ्याकडे दिलं
आणि खिडकीशी जाऊन चष्मा पुसत राहिली, बराच वेळ.

मी फुली तशीच ठेवली.
पण आधी टोकभर खरवडून
एका बाटलीत लावलं, जिवंत आहे का एवढंच बघायला.
तिने तापमान पाहिलं, बूच पाहिलं,
एक पीळ आणखी घट्ट केला.
"मला फोन कर," म्हणाली. "जुलैत.
कोकरं तोवर वर डोंगरात गेलेली असतील."

आज सोमवार.
बाटली दिव्यासमोर धरली.
बलकाचा पिवळा उतार, गुळगुळीत.

नाही.
अजून नाही.