कितले पाव?

पेटी दुरुस्त करायला आलो होतो मी,
माशेलहून, नार्वेची फेरी धरून.
काळी तीन फाटक्या गळ्यानं रडत होती,
भात्याला उंदरानं खिडकी पाडलेली.
काम चारलाच संपलं.
पाद्री म्हणाले, थांब रे, आज दोघं वाजवणार आहेत,
शेवटची फेरी मिळेल तुला.

म्हणून सगळ्यात मागच्या बाकावर बसलो,
चपला दाराबाहेर
(सवय; बाकी सगळे बुटांत),
हत्यारांची पिशवी मांडीवर.

ओर्लांद फुर्ताद. चाळीस वर्षं जहाजांवर,
लोक जेवत असताना वाजवायचं.
गिटारच्या पोटावरची लाख झिजून
लाकूड उघडं पडलंय, उंबऱ्यासारखं.
इरेन कुलासो, त्याच्या नातीएवढी.
क्लॅरिनेटची पत्ती ओठांत भिजवत बसलेली,
आमचा सुतार खिळे धरतो तशी.

"काहीच बसवलेलं नाही," ओर्लांद म्हणाला,
"काय होतं ते बघूया."
पहिल्या रांगेत एर्मेलिंद बायचा हातपंखा थांबला.
जेवायला बोलावून
चूल पेटवलेली नाही असं सांगावं, तसं झालं.

सुरुवात वाईटच होती.
एकाच दारात दोनदा आडवे आले एकमेकांना,
तू आधी, नाही, तू आधी.
माझे कान धंद्यानं बिघडलेले,
त्यांना चूक आधी ऐकू येते.
तिची पत्ती किंचित चढी,
त्याची सहावी तार केसभर उतरलेली.
वाटलं, उठावं आणि पिळावी ती खुंटी.

मग तिनं एक सूर धरला
आणि सोडलाच नाही.
तो तिच्या पुढ्यात फळ्या टाकत गेला,
खाजणातल्या चिखलात टाकतात तशा,
मागची उचलून पुढे.
ती चालत राहिली,
पाय कुठे पडतोय न बघता.
मी सहावी तार विसरलो.

आणि बाहेर, बांधावरून,
पों. पों-पों.

मल्लेश, सौंदत्तीचा,
सायकलच्या मागं करंडा, त्यावर निळं प्लास्टिक.
कुणीतरी "श्श" केलं,
जणू भिंतीपलीकडे ते पोचणार होतं.
इरेननं डोळे न उघडता
त्याचं त्याला परत दिलं:
पों. पों-पों.
तेच, फक्त लाकडातून आलेलं.

बाहेर गप्प.
मग, जरा जवळून,
पों?

तीनदा असं झालं.
चौथ्यांदा ब्रेक कचकला, स्टँड लागला,
आणि दारात, घामानं निथळत, मल्लेश:
"कितले पाव?"

अख्खी इगर्ज हसली.
पाद्री तर बाक धरून.
एर्मेलिंद बाय उठल्याच, म्हणाल्या, म्हाका धा उंडे,
आणि मग सगळ्यांनाच आठवलं की रात्री जेवायचं आहे.
ते दोघं थांबले नाहीत.
सुट्टे पैसे वाजले, ओर्लांदनं ते वरच्या तारांत घेतले.
पिशव्या कुरकुरल्या, तिनं फुंकर हलकी केली.
जहाजावर यापेक्षा जास्त लोक जेवत असतील त्याच्यासमोर,
पण तेव्हा कधी असा हसला असेल, वाटत नाही.

मल्लेश गेला नाही.
माझ्या चपलांशेजारी आपल्याही काढून
हात मागं बांधून उभा राहिला, संपेपर्यंत.
मळारची घरं दारं उघडी टाकून बसली असतील.
ओरडा खाल्ला असेल त्यानं नंतर.

फेरीवर मी एकटाच, आणि एक स्कूटरवाला.
याच पाण्यातून, म्हणतात,
आमचा देव लपवून पलीकडे नेला.
आज कुणी ती गोष्ट काढली नाही, मीही नाही.
फक्त मनात आलं, त्या रात्री कुणी काही वाजवलं असेल?
नसेलच. वल्ह्याचासुद्धा आवाज नको असेल.

फेरीनं भोंगा दिला.
कुठली पट्टी, ते मी बघितलं नाही.
पिशवीत हात घातला,
पेचकसाला पीठ लागलेलं.
पाव थंड झाला होता.
खाल्ला.