खडूच्या गोळ्या

हाप्सालूच्या दवाखान्यात हेल्दूर बसतो
गुडघ्यावर टोपी ठेवून.
तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात वाकलेला माणूस.
खिशातून काढतो खोक्यातला तो कागद,
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा, घड्यांवर फाटत आलेला.
"स्नायू दुखणे" याखाली पेन्सिलीची रेघ.
बाकीचं वाचलंच नाही, म्हणतो.

वर्षभर मीच दिले त्याला डबे, महिन्याला एक.
चारांत औषध,
चारांत तसल्याच दिसणाऱ्या खडूच्या गोळ्या,
चार नुसते रिकामे.
औषध कुठलं, खडू कुठला, मलाही ठाऊक नव्हतं.
रोज रात्री त्याने वहीत आकडा लिहिला,
शून्य ते दहा.

आज पाकीट फोडलं.
औषधाच्या महिन्यांत सहा.
खडूच्या महिन्यांतही सहा, एकदा तर आठ.
रिकाम्या डब्यांना दोन.

खिडकीबाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं.
"म्हणजे मी खोटं बोललो?"

नाही हो.
मार्चमध्ये जिन्यावर तुम्ही कठडा धरलात,
बोटं पांढरी पडेपर्यंत. मी पाहिलंय.
दुखलं ते दुखलंच.
गोळीतून आलं नाही, एवढंच.

त्याने वही ओढून घेतली, पानं मागे नेली.
"आठ... हा ऑक्टोबर.
माइमूच्या दिराला पुरलं त्या महिन्यात."
माइमू शेजारीण. सॉनाच्या वाफेत तिनेच सांगितलेलं,
असल्याच गोळ्यांनी दिराचे पाय गेले म्हणून.
आणि त्याचे वडील, ज्यांना साठीनंतर
मोजे दुसऱ्याने चढवावे लागत.

एवढ्यांची नावं घेतली त्याने.
माझं घेतलं नाही.
पहिल्या दिवशी डबा देताना मीच म्हणाले होते,
"इथे दुखलं तर लगेच कळवा हं,"
आणि इथे म्हणताना
स्वतःच्या मांडीवर हात ठेवला होता.
वर्षभर त्याचं तिथेच दुखलं.

हे त्याला सांगितलं का?
सांगितलं. तो हसला नाही.
टोपी घातली, औषधाचा डबा घेतला,
कागद माझ्या टेबलावर विसरला
किंवा ठेवला.

आता दारात लेम्बे बाई, रक्तदाबाची नवी गोळी.
सांगायला तर हवंच, लपवून कसं चालेल?
वाक्य मी दोनदा मनात उलटं सुलटं करते:
दहांतल्या एकीला चक्कर येते.
दहांतल्या नऊजणींना येत नाही.
"बसा," म्हणते,
आणि कपाळाकडे निघालेला हात
खिशात घालते.