आडोसा

पहाटे सव्वापाचला पाम बीच रोडवर
मी स्कूटर पंचेचाळीसवर धरते.
मोराज सर्कल ते किल्ले गावठाण, जाऊन येऊन दोनदा.
मागच्या चाकापासून हातभर अंतरावर
माझा भाऊ ओजस, एकोणीस वर्षांचा,
माझ्या पाठीआड वारा चुकवत.
आरशात त्याचं फक्त हेल्मेट दिसतं
आणि उघडं तोंड.

दिवसा मी नेरूळच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते.
त्याचंही मीच काढते.
शीर इतकी वर आलेली की शोधावी लागत नाही.
हिमॅटोक्रिट सेहेचाळीस, फेरिटिन जरा कमी,
झोपेतली नाडी बेचाळीस.
डेंग्यूत ॲडमिट होता तेव्हा मॉनिटर रात्रभर कोकलायचा,
नर्स धावत यायची
आणि हा घोरत असायचा.

सुकुमारन सर वीस वर्षं नेव्हीत होते,
आशासुद्धा हवामानासारखी सांगतात.
'चढावर चांगला आहे. वीस मिनिटं,
किलोमागे पाच पूर्णांक नऊ वॉट.
आपल्याकडे हे पुष्कळ झालं.
तिकडे पहिल्या दिवशी सगळेच चांगले असतात.
याचं सोळाव्या दिवशी काय होतं ते बघायचंय.'

म्हणून आम्ही पारसिकच्या टेकडीवर
सोळावा दिवस शोधत राहिलो.
वर, वळून खाली, पुन्हा वर. नऊ चढ.
बंगल्यांचे वॉचमन मला विचारायचे, आज कितवा?
सहाव्याला तो ओकला,
रात्रीची तांदळाची भाकरी आणि सुकट,
तोंड पुसून सातवा चढला.
आठव्याला माझ्यावर उगाचच ओरडला.
सरांच्या वहीत मी डोकावले:
'ओरडला. वेग तोच.'

फेब्रुवारीत बेल्जियमहून मेल आलं,
गावाचं नाव घरात तिघांनी तीन तऱ्हांनी वाचलं.
तिसऱ्या फळीचा संघ. दोन वर्षं.
पगार माझ्याहून कमी, खोली चौघांत.
काम असं, की कप्तानासाठी वारा कापायचा,
गाडीपर्यंत मागे जाऊन बाटल्या आणायच्या,
जर्सीत सात खुपसून
पुन्हा सगळ्यांना गाठायचं.

'म्हंजे पानक्या,' बाबा म्हणाले.
मग बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले, टीव्ही बंद होता.
'आन तो दुसरा जिकला, त आपल्या पोऱ्याला काय?'
'बक्षिसात वाटा असतो.'
'आन नाव?'
'यादीत असतं,' ओजस म्हणाला,
'शेवटच्या दिवसापर्यंत टिकलो तर.'

आईने एवढंच विचारलं,
सात बाटल्या म्हणजे किती वजन.
साडेतीन किलो, मी म्हणाले.
'जल्माला आला तवा एवराच होता तो,'
ती म्हणाली आणि कोळंबी सोलायला बसली.

सरांना मी एकटीने गाठून विचारलं.
ते बुटाची नाडी बांधत होते, बांधतच राहिले.
'तिथून वर जाणारे? शंभरात चार.'
मी लॅबमधली.
शंभरात चार हा आकडा
मी माणसांना काचेआडून रोज देते,
कधी घाबरवणारा म्हणून, कधी धीराचा.
घरी येताना मला ठरवता येईना
हा त्यातला कुठला.

पासपोर्ट झाला. व्हिसा अडलाय.
खोकल्याचं औषधसुद्धा आता
सरांना विचारल्याशिवाय घेत नाही,
आल्याचा काढा पितो आणि शिव्या देतो.

आज परतीच्या वेळी, अक्षर चौक मागे टाकल्यावर,
तो माझ्या आडोशातून बाहेर आला,
बरोबरीने आला,
कोपराने खूण केली: मागे हो.
मी ब्रेक लावला, त्याच्या चाकामागे गेले.
खाडीवरून समोरून वारा होता.
पाठ केवढीशी त्याची, जर्सीच्या खिशात एकच केळं,
पण माझ्या जॅकेटची बाही
फडफडायची थांबली.

काटा अडतीसवर होता, मग सदतीसवर.
आकडा मी ओरडून सांगायचा असतो.
नाही सांगितला.