मालकाचे नाव

गणपती पेठेत, हळदीच्या दुकानावर
उपाध्ये सीएंचं ऑफिस.
जिन्याचा कठडा धरला की हाताला पिवळं लागतं,
पुसायचं राहून जातं,
मग फायलीवर उमटतं.

नऊ वर्षं, रोज सव्वानऊला,
कुकरची शिट्टी आणि बाजार एकदमच.
पहिले शेअर भिशीच्या पैशांतून घेतलेले.
आयर्विन पुलाचे आकडे ऐकत वाढलेली मी,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
मला स्टॉप लॉस कुणाला शिकवावा लागला नाही.
पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं त्या आठवड्यात
माळ्यावर बसून दोन सौदे काढून टाकले होते,
बॅटरी नऊ टक्के.

उपाध्ये म्हणाले, उलाढाल वाढली, आता नीट रचना ठरवू.
आणि भांड्यांच्या दुकानात दाखवतात तसे
एकेक पर्याय बोटानं वाजवून दाखवू लागले.

एचयूएफ. हिंदू अविभक्त कुटुंब. जैनांनाही चालतं.
अविभक्त!
दिरांनी गेल्या दिवाळीत पाण्याचा मीटरसुद्धा वेगळा केला.
"कर्ता कोण?" मी विचारलं.
उपाध्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.
हे भडंगातले शेंगदाणे वेचत होते.

एलएलपी. दायित्व मर्यादित.
म्हणजे पूररेषेसारखं?
पाणी येणार, पण अमुक पायरीच्या वर नाही?
"हो. पाण्याला कागद वाचता येतो असं धरून."
पहिल्यांदाच हसले ते.

प्रायव्हेट लिमिटेड.
कायद्याच्या नजरेत वेगळीच व्यक्ती ती.
माणसं मरतात, ती मरत नाही.
मला दिसली: माझ्या ओट्यापाशी पाट मांडून बसलेली एक बाई,
जेवत नाही, झोपत नाही,
दरवर्षी ऑडिट मागते.
नको.

"मग राहिला साधा प्रकार. प्रोप्रायटर.
नफा त्याचा, आणि बुडालं तर घरदारही त्याचंच.
डिमॅट खातं कुणाच्या नावावर?"

खाली कुणीतरी पोतं आपटलं.
खिडकीतून धूळ वर आली, पिवळी,
पंख्याभोवती फिरली.

"हिलाच सगळं कळतं," हे म्हणाले,
"मी फक्त ओटीपी सांगतो."
लाजून नाही, कौतुकानं म्हणाले.
तेच तर अवघड.

उपाध्यांनी चष्मा काढला.
वहिनी, मग कागदावर हा धंदा ह्यांचा.
तुम्ही त्यात कुठेच नाही.

नऊ वर्षांचा प्रत्येक सौदा माझा.
प्रत्येक सही ह्यांची.
भिशीचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं,
म्हणजे तिथेही मी नाही.

नव्या फॉर्मवर पहिलीच ओळ: मालकाचे नाव.

माझ्या माहेरी, तासगावकडे,
आई वडिलांना मालक म्हणायची.
मालक जेवले का. मालक रानात गेलेत.
लग्नानंतर दोन वर्षं मीही म्हटलं,
मग इंग्रजी शाळेतल्या पोरीला हसू यायचं म्हणून सोडलं.
मालकीण म्हणजे मालकाची बायको.
मालकीण म्हणजे जिची मालकी आहे ती.
एकाच शब्दात दोघी राहतात,
आणि दार वाजलं की
नेहमी पहिलीच उघडायला जाते.

पेन मागितलं.
अनंतमती, लिहिलं.
मधल्या नावापाशी हात थांबला.
"पॅनवर जे असेल ते," उपाध्ये म्हणाले.
पॅनवर वडिलांचं.
मालक कुणाचे, आणि कुठं येऊन बसले!
लिहिलं तेही.

जिना उतरताना हे म्हणाले,
आता माझं काय काम राहिलं मग?
चेष्टाच होती, बहुतेक.
मी उत्तर दिलं नाही, रिक्षा बघत राहिले.

चार दिवसांनी खातं सुरू होईल.
शिल्लक शून्य.
सव्वानऊला ओटीपी माझ्या फोनवर येईल,
आणि हे सवयीनं स्वतःचा फोन उचलून
विचारतील,
काय गं, आला का?