पहिला चौकोन

अर्जात सहा रिकामे चौकोन आहेत.
पहिल्यासमोर तू तीन संध्याकाळी बसली आहेस, टॅम्सिन,
आणि चहा गार होतोय, तुझा, आणि माझाही.

इंजिनिअरिंग आणि विज्ञान, एकत्र. पाच वर्षं.
कॉलिनकाका म्हणाला, दोन डगरींवर हात.
म्हणाला, पोटापाण्याचं एक काय ते शिक,
बाकीचं रविवारी कर.
मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?
सव्वीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये तेच केलं:
खालच्याचं बोट वर फिरलं की उचलायचं,
मूठ मिटली की थांबायचं.
लोखंड लोखंड कसं झालं
हे मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तू विचारायचीस.
सहा वर्षांची, व्हायलाच्या त्या लाल धुळीत
कोपरापर्यंत माखलेली:
ही गंजलीय, की मुळातच अशी?
मी म्हणालो, जा, हात धू.

मग गेल्या जूनमधली ती थंडी.
आखातात माकुलं आली होती, दरवर्षी येतात तशी,
खडकाशेजारी खडक होऊन बसलेली.
त्यांना रंग दिसतच नाहीत म्हणालीस,
मग रंग अंगावर आणतात कसा?
आणि बीटची रिकामी बरणी घेतलीस,
तारा, बॅटरी, उजेड मोजणारा नखाएवढा तुकडा,
न्हाणीघराच्या फटी बुजवायचं माझं सिलिकॉन,
न विचारता.

चार मीटरवरून बरणी वर आली ती अर्धी भरून.
मला वाटलं, आता रडशील.
तू झाकण डोळ्यांशी धरलंस, कडेकडेनं अंगठा फिरवलास,
म्हणालीस, दाब मोजलाच नाही मी.
दुसरीही गळली.
तिसरी कोरडी आली, आत आकडे होते,
आणि आकडे बघून तू जी गप्प झालीस
ती घरी येईपर्यंत.
काय झालं, विचारलं. म्हणालीस,
प्रश्नच चुकला होता बहुतेक.
असं हसत कुणी म्हणतं का?

त्या दिवशी तू काय शिकत होतीस?
झाकण, की माकूल?
मला अजून सांगता येत नाही.
अर्जाला सांगता येतं, असंही नाही.

खरं सांगतो, पाचवं वर्ष माझ्या हिशेबात बसत नाही.
विजेच्या बिलाच्या पाकिटावर मांडून पाहिलं,
अॅडलेडचं भाडं धरून, न धरून.
भट्टी राहणार की बंद पडणार,
कॅन्टीनमध्ये रोज नवी बातमी.
तरीही.

परवा क्रेन थांबली होती, वायर बदलत होते.
पहिल्यांदाच मागे वळून बसलो.
सव्वीस वर्षं पाठीशी खिडकी होती,
काजळीनं भरलेली.
बाहीनं पुसली थोडी.
पाणी दिसतं तिथून.

माझी पाळी सहाची. चहा परत गरम केलाय.
पहिला चौकोन तू भर.
दुसऱ्यावरून भांडू,
मी आल्यावर.