एका पायावर

ब्रेमरहाफनच्या आरोग्य खात्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मार्च आला की आम्ही मुलं तपासतो.
पत्रकाच्या तळाशी एकच प्रश्न: शाळेसाठी तयार आहे का?
वरची चार पानं त्याची प्रस्तावना.

वीब्के त्यार्क्स. पाच वर्षं, दहा महिने.
खालचा दात हलतोय, तो ती जिभेनं ढकलत असते.
आई बाहेर. पिशवीचे बंद पिळत बसलेली.

"एका पायावर उभी राहा पाहू."
आठ सेकंद पुरतात. मी खूण केली,
पान उलटलं, खुर्ची पुढे केली.
ती बसली नाही.
टेबलाच्या कडेला पोट टेकवून तिथंच.
मी लिहिलं: सूचना देऊनही बसत नाही.

त्रिकोण काढ म्हटलं. काढला.
त्याला दार काढलं, दाराला कडी,
दाराबाहेर बूट, एकच.
बुटाला गुण नसतात.
पाच ठोकळ्यांतले दोन मी उचलले, किती उरले?
तिनं माझ्या मुठीकडे बोट दाखवलं:
"ते तुझ्याकडे आहेत."
मी लिहिलं: उत्तर नाही.

माझ्या वेळी एवढा कागद लागत नसे.
हात डोक्यावरून घ्यायचा,
पलीकडचा कान सापडला तर शाळा.
मला सापडला नाही. बोटभर कमी पडलं.
ते वर्ष मी बाबांच्या धुरीघरात काढलं,
बाम मासे धुरावर टांगलेले,
आणि नुसत्या वासावरून मला कळायचं
की लाकूड ओलं आहे, की आज बाबा गप्प आहेत.
पुढच्या मार्चला कान सापडला.
वास हळूहळू गेला.

पेन्सिल घरंगळली.
उचलायला मी टेबलाखाली वाकले,
गुडघा करकरला, आणि दिसलं:
फरशीवर एकच मोजा.
दुसरा पाय वर, पोटरीला चिकटलेला,
थरथरणारा.

तेरा मिनिटं झाली होती.
"पुरे" म्हणायचं मी विसरले होते.

"पुरे," मी टेबलाखालूनच म्हटलं.
पाय सावकाश खाली आला.
मी वर आले, दोन ओळी खोडल्या, आणखी एक खोडली,
पान घाण झालं.

"पायाला मुंग्या आल्यात," ती म्हणाली.
"किती?"
हे पत्रकात नव्हतं.
तिनं डोळे मिटले, दात ढकलायचं थांबवलं.
"थांब. अजून येतायत."