पालथं फुलपात्र

भिंतीला भोक पाडायचं नाही,
भाडेकराराचं कलम चौदा.
म्हणून कपाट बांधता आलं नाही,
ओवीचा पलंगच ओढून या भिंतीशी आणला.
प्रसन्न म्हणाला, रास अल खैमात कसला भूकंप?
मी पडदा सरकवला. समोर समुद्र.
त्याच्यापलीकडे इराण.
तिकडे जमिनीनं कूस बदलली
की आपल्याकडे दिवा झुलतो. मागच्या वर्षी
तू म्हणालास, पंख्याचा वारा.
पंखा बंद होता.

मी कोयनाकाठची.
आमच्या कोनाड्यात तांब्यावर फुलपात्र
पालथं असायचं, रात्रंदिवस.
ते खणखणलं की उठायचं,
चपला शोधायच्या नाहीत,
म्हशीचं दावं सोडायचं आणि अंगणात.
सकाळी आई शेजारणीला सांगायची,
रात्री येऊन गेला,
जसा पाहुणा, जेवायला न थांबलेला.

इथं नववा मजला.
अंगण लिफ्टनं खाली,
आणि लिफ्टनं जायचं नाही.

जिन्यात लोकांच्या सायकली, चपलांचे स्टँड,
कुणाचा तरी फुटका टीव्ही.
वॉचमन दिलमुरादला सांगितलं.
त्यानं कशाला ते विचारलं नाही.
एका रात्रीत नऊ मजले मोकळे केले.
घाम पुसत म्हणाला, आमच्याकडे आता
दारं बाहेर उघडतात. तेव्हापासून.
तेव्हापासून म्हणजे कधीपासून,
तेही मी विचारलं नाही.

दाराशी पिशवी.
पाणी, विजेरी, शाळेतली शिट्टी, माझा जुना चष्मा,
खजूर, चिवडा. कागद प्लास्टिकमध्ये.
प्रसन्नचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत,
त्याच्या जागी रिकामं पाकीट ठेवलंय,
त्याच्या नावाचं.

फोन लागेनासे झाले तर
सगळ्यांनी एकाच ठिकाणी निरोप ठेवायचा,
दूरच्या, जिथली जमीन शांत आहे अशा माणसाकडे.
मला तोंडपाठ नंबर एकच. आईचा.
पाटण तालुका.

ओवी टेबलाखाली, पाय घट्ट धरून, तीसपर्यंत मोजते.
बाबा रात्रपाळीला असतील तर?
तर मशिदीमागच्या वाळूत, घाफच्या झाडापाशी येतील.
आणि झाडच पडलं तर?
झाडं सहसा पडत नाहीत गं.
हे मला कुठून ठाऊक, कोण जाणे.

मग मीही ओट्यावर मांडलं,
स्टीलच्या पेल्यावर वाटी, पालथी.
एसीचा कंप्रेसर सुरू झाला की वाजते.
पहिल्या रात्री तीनदा उठले, शिव्या घालून झोपले.
चौथ्यांदा पाहिलं तर
ओवी दाराशी उभी. अनवाणी. गळ्यात शिट्टी.

एसी आहे गं, असं ओठांवर आलं होतं.
म्हटलं, चल.
एकेक मजला ती हळू आवाजात मोजत उतरली.
दिलमुरादनं फाटक उघडलं,
आमच्या पायांकडे पाहिलं,
आणि स्वतःच्या वहाणा काढून ठेवल्या.

झाडाखालची वाळू अजून कोमट होती.
बंदराकडे क्रेनचे दिवे, तिथे कुठेतरी प्रसन्न.
आम्ही तिघं, एक पिशवी.
ओवीनं ती उघडली, आत हात घालून चाचपलं.
चिवड्याचा डबा रिकामा.

म्हणजे बाबा येऊन गेले, ती म्हणाली,
आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून
तिथंच झोपली.